डमी फाटली पाहिजे

आमच्या कॉलेजात पेशंटच्या जागी प्रॅक्टिस करायची एक डमी होती. होती म्हणजे अजूनही असेलच, कारण वापरलीच नाही तर खराब कशी होणार. मी रेस्पिरेटरी थेरपी शिकत होते तेव्हाची गोष्ट, कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही कारण दहा ठिकाणी हीच कथा ऐकलीय. परदेशातून आणलेली, गोरीपान, डोळे उघडझाप करणारी, छाती वरखाली होणारी, आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. इन्स्पेक्शन आलं की तिच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर निघायचं, कुणीतरी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायचं आणि आम्हाला सांगून ठेवलेलं असायचं की विचारलंच तर रोज प्रॅक्टिस करतो म्हणा. अख्ख्या वर्षात माझ्या वाट्याला ती तीनदा आली. तिसऱ्या वेळी माझ्या हातून सक्शन कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची नळी, जरा जोरात गेला आणि आत कुठेतरी टचकन आवाज झाला. मॅडम धावत आल्या आणि विचारलं, "काय तुटलं?" पेशंट असता तर काय झालं असतं हे काही त्यांनी विचारलं नाही, त्यांचा तरी काय दोष म्हणा, डमीची किंमत त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या पगाराइतकी होती.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या, अगदी खऱ्या माणसासारख्या दिसणाऱ्या डमींची सध्या बरीच हवा आहे. त्वचेवर बारीक छिद्रं, एकेक केस लावलेल्या भुवया, हात लावला तर मऊ लागणारे ओठ. व्हिडिओ बघितला की अंगावर काटा येतो, खोटं नाही बोलणार. कॉलेजवाले विचारायला लागलेत की घ्यावी का, आणि माझ्यासारखे जे आयसीयूत काम करून आठवड्यातून दोन दिवस पोरांची प्रॅक्टिकल्स घेतात त्यांना मत विचारलं जातंय. तर माझं मत असं की छापलेली डमी जरूर घ्या, बाहेरून विकत घेण्यापेक्षा स्वतः छापा, पण ती खरी दिसते म्हणून घेऊ नका. ती फाटली तर परत छापता येते म्हणून घ्या. बाकी या लेखात जे काही आहे ते एवढ्याभोवतीच फिरणार आहे.

आधी थोडं आमच्या कामाबद्दल, कारण अजूनही घरच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, "म्हणजे फिजिओ का गं?" नाही हो. व्हेंटिलेटर लावणं, त्याचे आकडे पेशंटप्रमाणे बदलणं, श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबमधून कफ ओढणं, अँब्यू बॅगने म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने हवा देणं, मनगटातल्या धमनीतून रक्त काढून एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करणं, ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याला भोक पाडून घातलेली नळी सांभाळणं, पेशंटला हळूहळू मशिनवरून काढणं, ही आमची कामं. अमेरिकेत हा धंदा १९४७ पासून संघटित आहे, आपल्याकडे २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला आणि आम्हा लोकांना कागदावर तरी ओळख मिळायला लागली. त्याच वर्षी कोविडच्या दुसऱ्या लाटेत लोकांनी पेपरात वाचलं की कुठेकुठे व्हेंटिलेटर आलेत पण खोक्यातच पडलेत, चालवणारा माणूस नाही. मशीन एका टेंडरमध्ये येतं, पण हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि ते कशावर तरी तयार करावे लागतात, त्या "कशावर तरी"चाच हा सगळा प्रश्न आहे.

सीपीआरची, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने हवा देऊन जीव वाचवण्याच्या सरावाची, जी जगप्रसिद्ध डमी, रेससी अ‍ॅन, ती १९६० साली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डालने बनवली. हा माणूस मूळचा खेळणी बनवणारा, मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि छोट्या गाड्या विकायचा. तिचा चेहरा घेतला तो एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून, सीन नदीत सापडलेल्या मुलीचा मृत्यूनंतर काढलेला साचा अशी त्या मुखवट्याची कहाणी सांगतात. शांत, डोळे मिटलेले, ओठांवर हलकंसं हसू. मी चौदा वर्षं आयसीयूत आहे, श्वास अडकलेला माणूस हसताना अजून बघितलेला नाही. पण गंमत अशी की त्या चेहऱ्याने कुणाचंच काही अडलं नाही! लाखो लोक त्या हसऱ्या बाहुलीवर शिकले आणि खऱ्या माणसाला वाचवायला पुढे झाले. का, तर छाती दाबली की किती दाबली जाते आणि मान मागे केली नाही तर हवा जात नाही, या दोन गोष्टी तिच्यात नीट होत्या. चेहऱ्याचं खरेपण कुठे कामाला आलं सांगा, तर शिकणाऱ्याला घाबरवायचं नाही एवढ्यापुरतं.

या विषयावर अभ्यासही झालेत आणि माझ्या मते आपल्याकडच्या खरेदी कमिट्यांनी ते वाचायला पाहिजेत. टोरांटोमध्ये २००१ साली एक प्रयोग छापून आला. फायबरऑप्टिक स्कोप, म्हणजे टोकातून आतलं दाखवणारी वळणारी बारीक नळी, चालवायला निवासी डॉक्टरांना शिकवायचं होतं, तर एका गटाला नुसतं लेक्चर आणि दुसऱ्या गटाला लाकडाचं एक साधं मॉडेल, भोकं पाडलेल्या फळ्या, स्कोप वळवत वळवत बरोबर भोकातून काढायचा, बस. नंतर खऱ्या पेशंटवर बघितलं तर फळ्यांवाले पुढे. मग २००८ साली तिथल्याच लोकांनी पुढचा प्रश्न विचारला, की ही फळी आणि महागडं कॉम्प्युटरवालं सिम्युलेटर यात फरक पडतो का. आणि हा प्रयोग डॉक्टरांवर नव्हता बरं का, २८ रेस्पिरेटरी थेरपिस्टांवर होता, आमच्याच जातकुळीतले. चौदा जण फळीवर शिकले, चौदा जण सिम्युलेटरवर. पेशंटवर हात बघितले तर दोन्ही गटांत काही फरक नाही. २०१२ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जेफ्री नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तिथेही तेच, भारीतली डमी आणि साधी डमी यांच्यात शिकण्याच्या बाबतीत फरक फार थोडा, बहुतेक वेळा नाहीच म्हणावा इतका.

मग लगेच कुणी म्हणेल की झालं तर, फळीला भोकं पाडा आणि द्या पोरांना. थांबा. माझं म्हणणं तेवढं सरळ नाहीये. फळीचं मॉडेल चाललं कारण स्कोपचं टोक वळवताना अंगठा आणि मनगट जे करतात तेच त्या फळीत करायला लागत होतं, म्हणजे त्या कामापुरती ती फळी खरीच होती. तर खरेपणा लागतोच, फक्त तो कुठे लागतो हे कामाकामाप्रमाणे बदलतं. आणि मजा बघा, ज्या महागड्या डमी खऱ्या म्हणून विकल्या जातात त्या नेमक्या आतून खोट्या निघाल्या. व्हिएन्नाच्या संशोधकांनी डमींनाच सीटी स्कॅनमध्ये घातलं आणि माणसांच्या स्कॅनशी ताडून बघितलं, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तर घशातली पोकळी माणसापेक्षा कितीतरी मोठी. म्हणजे जिथे ट्यूब घालायला अडचण यायची तिथेच ऐसपैस हॉल बांधून ठेवलेला. पोरगं डमीवर पहिल्या फटक्यात ट्यूब घालतं, खूश होतं, आणि मग खऱ्या माणसाची जीभ समोर आली की त्याला घाम फुटतो.

आता आपल्याकडचे पेशंट बघू. आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण मला खरं सांगायचंय ते इथेच.

पहिलं म्हणजे बोळकं. सत्तर-पंच्याहत्तरच्या आजी, दात एकही नाही, गाल आत गेलेले. अँब्यूचा मास्क चेहऱ्यावर ठेवला की दोन्ही बाजूंनी हवा फुस्स. कितीही दाबा. यावर उपाय सोपे आहेत, कवळी असेल तर मास्कने हवा देताना ती राहू द्यायची आणि ट्यूब घालायच्या वेळी काढायची, नाहीतर गालात गॉझ भरायचा, मास्कची खालची कड हनुवटीऐवजी खालच्या ओठाच्या आत हिरडीपाशी टेकवायची, दुसऱ्याला दोन्ही हातांनी धरायला लावायचं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. पण ती फुस्स जी आहे ना, ती हाताला कळावी लागते. आमच्या त्या गोऱ्या डमीला बत्तीस दात होते, रांगेत, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे. मास्क ठेवला की चपखल. तिच्यावर शिकलेल्या मला पहिल्या आजी आल्या तेव्हा वाटलं मास्कच खराब आहे. मी मास्क बदलला. त्या बदलण्यात किती सेकंद गेले ते मला आजही आठवतं आणि सिनिअरने मला ढकलून बाजूला केलं तेही.

दुसरं, दोन बोटं. गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि बंदी कशी आहे ते प्रत्येकाला आपल्या नाक्यावर दिसतंच. सुपारी-गुटखा खाऊन खाऊन गालाच्या आतली कातडी आवळत जाते, ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, आणि तोंड उघडेनासं होतं. साधारण माणसाच्या तोंडात आपली आपली तीन बोटं उभी जातात, यांच्यात दोन जातात, कधी एक. वय बत्तीस-पस्तीस, बाहेरून धडधाकट, आणि अ‍ॅक्सिडेंट होऊन आला की लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे जीभ बाजूला करून घसा बघायच्या अवजाराचं, पातं आत जाईना. मग पेशंटला जागं ठेवून, नाकातून स्कोप घालून, कसरत. आपल्याकडे ट्यूब घालायचं काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचंच आहे, आरटी म्हणजे आमच्यासारखा रेस्पिरेटरी थेरपिस्ट शेजारी उभा असतो, पण त्या शेजारी उभ्या असलेल्याला आधी कळलं पाहिजे ना की हे तोंड उघडणार नाहीये, सामान वेगळं लागणार आहे. आमच्या त्या गोऱ्या डमीला कुठे होतं गुटख्याचं तोंड? नसणारच, ती बनवणाऱ्यांच्या बाजारात हा प्रश्न फारसा नाही. आणि इथे मला थ्रीडी प्रिंटरचं खरं मोल दिसतं. जबड्याच्या सांध्यात एक अडकण छापायची, दोन बोटांवर तोंड थांबलं पाहिजे. एवढंच. भुवईचे केस नसले तरी चालतील.

तिसरं म्हणजे चमचा. एक किलोचं बाळ, वेळेआधी जन्मलेलं. त्याला एका श्वासाला हवा किती लागते, तर किलोला चार ते सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. लहान बाळांची अँब्यू बॅग पाव लिटरच्या आसपासची असते. म्हणजे हातात पाव लिटर आहे आणि त्यातला एक चमचा द्यायचाय, मुठीने दाबलं तर संपलं, फुप्फुस फाटू शकतं, दोन बोटं आणि अंगठा, तेही अलगद. हे कुणाला शब्दांत शिकवून बघा. इथे डमीचं फुप्फुस किती कडक आहे, किती हवेला किती फुगतं, याचा खरेपणा जीवमरणाचा आहे, आणि नेमकं तेच बहुतेक स्वस्त बेबी डमींमध्ये नसतं, आत नुसती पिशवी असते, कितीही हवा घाला, फुगत राहते. छापून केलेल्या साच्यात वेगवेगळ्या कडकपणाचं सिलिकॉन ओतून एक नॉर्मल, एक आवळलेलं, एक जास्त दाबलं की फुटणारं फुप्फुस बनवता येतं. फुटणारं! मुद्दाम. पोरीच्या हातात ते एकदा फट्‌ झालं ना की ती आयुष्यात मुठीने बॅग दाबणार नाही.

रंगाचं पण बोलू, कारण "रिअलिस्टिक" म्हणून जे विकतात त्यात आता सावळी त्वचा हा पर्याय असतो. चांगलं आहे, उशिरा का होईना. पण बऱ्याचदा कवटी तीच, नाक तेच, वरून तपकिरी रंग. मुद्दा रंगाचा नसून रंगामुळे काय चुकतं याचा आहे. आपल्या वर्णाच्या माणसाचा ऑक्सिजन उतरला की तो पुस्तकातल्यासारखा निळा दिसत नाही, जीभ बघावी लागते, ओठाची आतली बाजू, नखं, पापणीच्या आतली बाजू. डमीच्या ओठात निळा दिवा लागतो आणि पोरं तो दिवा शोधायला शिकतात. वर बोटाला लावायचा जो पल्स ऑक्सिमीटर त्याचंही तसंच, २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय पेशंटमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरा कमी असूनही मशीन ठीक दाखवतंय असं होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट, ११.७ टक्के विरुद्ध ३.६ टक्के. तर सावळी डमी घेतलीत आणि तिच्यावर हे शिकवलंच नाहीत तर तुम्ही फक्त पुतळा रंगवलाय.

पुतळ्यावरून आठवलं. पेणला माझी मावशी राहते, लहानपणी सुट्टीत गेलो की कारखान्यांत गणपती बघत फिरायचो. साच्यातून मूर्ती भराभर निघतात, पण डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा, त्याचा मान वेगळा, कारण डोळे आले की मूर्ती जिवंत. डमी बनवणाऱ्यांचं पण तसंच झालंय असं मला वाटतं, सगळा जीव डोळ्यांत ओततात. आमच्या कामात मात्र डोळे शेवटी बघायचे, आधी घसा, मग छाती. पण साचा बनवणं, रबर ओतणं, बुडबुडे न येऊ देणं, जोड न दिसू देणं, हे ज्ञान आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि दातांच्या लॅबवाल्यांकडे तर आहेच, ते आपण मेडिकल कामासाठी विचारतसुद्धा नाही, एकदम परदेशी कॅटलॉग उघडतो.

छापायचं कसं तर त्यात आता फार मोठं गुपित राहिलेलं नाही. सीटी स्कॅनच्या फाइल्स घ्यायच्या, थ्रीडी स्लायसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात श्वासनलिका आणि तिच्या फांद्या वेगळ्या काढायच्या, प्रिंटरला द्यायच्या. साधं पीएलए प्लास्टिक किलोला हजार रुपयांच्या आसपास मिळतं. पण पीएलए कडक, त्यावर ट्यूब खरवडली जाते, आणि प्रिंटरचे थर जिथे एकावर एक बसतात तिथे बारीक पायऱ्या राहतात, स्कोपचं टोक त्यात अडकतं. म्हणून मऊ लागणारी वस्तू असेल तर साचा छापायचा आणि आत सिलिकॉन ओतायचं, ते चांगलं. आम्ही दोघातिघांनी मिळून हे करून बघितलं, पहिल्या तीन श्वासनलिका फुकट गेल्या, चौथी बरी झाली. उजवी फांदी जास्त सरळ आणि रुंद असते म्हणून ट्यूब जास्त आत गेली की उजव्या बाजूला जाते आणि डावी छाती हलत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत होते. त्या चौथ्या श्वासनलिकेत पोरांनी स्वतः ट्यूब जास्त आत घातली, एकच पिशवी फुगली, आणि मागून एक जण म्हणाला, "अच्छा, हे होय." पाच मिनिटांत झालं.

कफासाठी इसबगोल. हो, तेच घरातलं. कोमट पाण्यात भिजवून, चिमूटभर हळद घातली की असा काही कफ तयार होतो की दुपारच्या बॅचला डबा खाववत नाही. तो नळीत ओतायचा आणि सक्शन करायला लावायचं, मोठ्या माणसाला ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब, कॅथेटर आत घालताना ओढायचं नाही, बाहेर काढताना ओढायचं, पंधरा सेकंदांच्या वर नाही, आणि मी पोरांना सांगते तुमचा पण श्वास रोखून धरा, तुम्हाला सहन होईना की पेशंटला पण होईना. आता सांगा, पन्नास लाखांच्या डमीत कुणी इसबगोल ओतू देईल का? देणार नाही, आणि न देणं बरोबरच आहे. म्हणूनच म्हणते की महाग खरेपणाचा तोटा हाच की तो वापरता येत नाही.

यावर दोन-तीन आक्षेप नेहमी येतात. एक आमच्या सिनिअर मंडळींचा, "आम्ही तर थेट पेशंटवरच शिकलो, काय बिघडलं?" सर, बिघडलं असेल तर ते तुम्हाला सांगायला कोण येणार होतं. आणि तुम्ही शिकलात ते कुठल्या वॉर्डात, तर जनरल वॉर्डात. प्रायव्हेट रूममधल्या शेठजींच्या मनगटावर पहिली एबीजी कुणी करत नाही. आपल्याकडे पहिला हात कायम गरिबाच्या अंगावर साफ केला जातो, आणि त्याला कुणी विचारत नाही, नातेवाइकाला तर बाहेरच थांबवलेलं असतं. हे बोलायला नको वाटतं पण सगळ्यांना माहितीय. डमीची मुख्य गरज मला यासाठी वाटते, पहिले पन्नास चुकलेले प्रयत्न कुणाच्या अंगावर होणार हा प्रश्न आहे.

पेशंटवर शिकण्याची एक थोर गोष्टही आहे, ती नाकारत नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, ब्लेगडॅम हॉस्पिटलात पेशंटच्या रांगा आणि आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत झोपवून श्वास द्यायची पेटी, एकच. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला भोक पाडून नळी घालायला लावली आणि हाताने पिशवी दाबून हवा दिली, ती जगली. मग सुमारे १५०० विद्यार्थी आळीपाळीने, महिनोन्‌महिने, पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले, मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. आयसीयूतलं आमचं काम एका अर्थी तिथून सुरू होतं. त्या पोरांच्या हाताला फुप्फुस कळलं असेल, कडक झालंय, कफ साठलाय, दमलंय. तसं कुठल्याच डमीवर कळणार नाही. पण त्या पोरांसमोर दुसरा पर्यायच नव्हता आणि आपल्यासमोर आहे. जाता जाता, आज जी आपोआप फुगणारी अँब्यू बॅग सगळीकडे दिसते ती १९५६ ची, डेन्मार्कचीच, हेनिंग रुबेनची, आणि तिचा पहिला नमुना त्याने आत सायकलच्या चाकाचे स्पोक बसवून केला होता. त्याने कॅटलॉग उघडला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्लास्टिकवर शिकलं की चुकीच्या सवयी लागतात. अगदी मान्य. डमीचा जबडा कडक म्हणून पोरं जोर लावायला शिकतात, आणि मग खऱ्या माणसाचा दात हलतो. डमीत सिलिकॉनचा स्प्रे मारल्याशिवाय नळी सरकत नाही, खऱ्या घशात ओल असते, रक्त असतं, उलटी असते. डमी खोकत नाही, हात धरत नाही, घाबरून बघत नाही, आणि तिची बायको दाराच्या काचेतून बघत उभी नसते. पण घरी छापलेल्या डमीचा एक फायदा इथेही आहे, तिच्यात काय खोटं आहे हे आपल्याला माहीत असतं कारण ते आपणच केलेलं असतं, आणि मी पोरांना आधीच सांगते की हा जबडा खोटा आहे, इथे जोर लागतोय तसा पेशंटला लावलात तर दात पोटात. चकचकीत डमीपुढे हे सांगायची कुणाची हिंमत होत नाही, ती इतकी खरी दिसते की तिची चूक पण खरी वाटते. व्हीआर चष्म्यांचं म्हणाल तर हवेत हात हलवून मास्कची फुस्स कळत नाही, एवढं बोलून सोडून देते.

इन्स्पेक्शनला येणाऱ्या लोकांना माझी एक विनंती आहे. डमी आहे का, विचारू नका. कपाट उघडून बघा. तिच्या ओठाचे कोपरे फाटलेले आहेत का, घशाचा रंग उडालाय का, फुप्फुसाच्या पिशवीला चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत का ते बघा, आणि तसं असेल तर मार्क जास्त द्या. नवी कोरी डमी दिसली की समजा की या बॅचने पेशंटवर शिकायचं ठरलेलं आहे.

आता ज्या गोष्टीवर माझं मलाच उत्तर सापडलेलं नाही ती. स्कॅन कुणाचा? त्या सीन नदीच्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं, तिचा चेहरा जगभर गेला. आज डोक्याच्या सीटी स्कॅनवरून माणसाचा चेहरा परत उभा करता येतो, नाव काढून टाकलं तरी नाक-डोळे-हनुवटी त्या फाइलमध्ये असतातच. दोन बोटांच्या तोंडाची डमी करायची तर दोन बोटांच्या तोंडाचा माणूस लागणार. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, पेशंट म्हणून आले, आता बरे आहेत, रिक्षा चालवतात. त्यांना विचारलं की काका, तुमचा स्कॅन पोरांना शिकायला वापरू का, जबड्याचं मॉडेल करायचंय. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, पोरं शिकणार असतील तर घ्या की. पण तोंड माझं दिसायला नको. स्टँडवर सगळे हसतील, गुटख्याचा पुतळा म्हणून." मी म्हटलं नाही दिसणार, नाकाच्या वरचं सगळं कापून टाकते, ओठ पण वेगळे लावते. "आणि खाली काय लिहिणार?" मी म्हटलं काहीच नाही. तर म्हणाले, "काहीच नको असं पण नको. वय लिहा. पस्तिसाव्या वर्षी हे झालं म्हणून लिहा."

परवानगीचा फॉर्म मराठीत नव्हता, तो मी घरी बसून केला, दोन पानांचा इंग्रजी फॉर्म मराठीत दीड पानात आला. कमिटीकडे देऊन अडीच महिने झालेत. फाइल पेन ड्राइव्हमध्ये आहे, प्रिंटर मोकळा आहे. तोपर्यंत आमच्या पोरी बत्तीस दातांच्या डमीच्या जबड्याला बाहेरून इलॅस्टिकचा पट्टा आवळून प्रॅक्टिस करतायत, गेल्या शुक्रवारी ओठाचा डावा कोपरा फाटला.